कवडीची वही

दसरा गेला, की परतवाडा-अकोट रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापूस लागतो. म्हणजे सरकी काढणाऱ्या जिनिंगकडे निघालेल्या गाड्यांमधून जो सुटतो, तो त्यांच्या काट्यांत अडकून बसतो. पुण्या-मुंबईचे पाहुणे गाडी थांबवून त्याचे फोटो काढतात. "किती छान ना!" म्हणतात. काढा बाप्पा, काढा. मला तो दिसला की ठसका लागतो.

कापसाचे दिवस आले की मला वंदी आठवते, आणि वंदी आठवली की पोटात दुखतं. खोटं कशाला बोलू? पंचेचाळिशी उलटली, केस रंगवायचेसुद्धा सोडून दिले, पण हे दुखणं काही जात नाही. वंदी म्हणजे वंदना. अकोटच्या कास्तकाराची मुलगी, अमरावतीला एम.एस्सी.त माझ्या शेजारी बसायची. आता ती परदेशात खगोलशास्त्राची प्राध्यापक आहे आणि मी अमरावतीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. वर्गात पहिली कोण यायची, हे मी सांगणार नव्हते. मी यायचे.

लोक म्हणतात, जवळच्या माणसाचा हेवा करू नये. मग कोणाचा करायचा? ज्याला कधी पाहिलं नाही, त्याचा हेवा करून काय मिळतं? हेवा करावा तर जिची वेणी आपण घातली, जिच्या डब्यातली मिरचीची भाजी आपण खाल्ली, जिला आपणच एक गणित तीनदा समजावून सांगितलं, तिचाच. वंदीचा प्रत्येक शोधनिबंध मी वाचते. कॉलेज सुटल्यावर राजापेठेतल्या घरी येते, चहा टाकते आणि संगणक उघडते. निबंधाच्या शेवटी आभाराचे चार शब्द असतात, ते मी आधी वाचते. माझं नाव आहे का बघते. नसतं. मग चहा उतू जातो, आणि मी नवऱ्यावर ओरडते.

तिचा विषय मला तिच्यापेक्षा सोप्या भाषेत सांगता येतो, हे मात्र लिहून ठेवा. काही दीर्घिकांच्या पोटात एक अजस्र कृष्णविवर बसलेलं असतं. भोवतालचा वायू त्यात पडत असतो, पण सगळाच काही पडत नाही. पडता पडता तो तापतो, आणि त्यातला काही भाग दोन बारीक झोतांच्या रूपाने दोन बाजूंना बाहेर फेकला जातो, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने. हे झोत त्याच दीर्घिकेतल्या उरलेल्या वायूत घुसतात. त्या वायूतूनच पुढचे तारे व्हायचे असतात. मग त्या वायूचं काय होतं? एवढाच तिचा प्रश्न. या एवढ्याशा प्रश्नावर बाईने जग पालथं घातलं.

आणि तो प्रश्न तिला कुठे भेटला, तर अकोटला, तिच्या घरच्या ओसरीवर, माझ्यासमोर.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आम्हा दोघींना मिळून एकच प्रकल्प होता. आमच्या सरांनी त्यांच्या एका मित्राकडून एका दीर्घिकेची मोजमापं मागवली होती. दीर्घिकेच्या हजारो ठिकाणी वायू किती वेगाने हलतो आणि किती घुसळला जातो, याचे आकडेच आकडे. विभागात संगणक एक आणि त्याच्यापुढे रांग ही एवढी. म्हणून दिवाळीच्या सुटीत आम्ही सगळे आकडे छापून घेतले. कडेला भोकं असलेल्या त्या लांबलचक कागदाची चळत पिशवीत भरली. वंदी म्हणाली, "चाल माह्या घरी. तिथं जागा हाये, शांत हाये." माझे बाबा वकील, आमच्या घरात पक्षकारांची सतत ये-जा, म्हणून मलाही ते बरं वाटलं. परतवाड्याला एसटी बदलून आम्ही दुपारी अकोटला उतरलो.

शांत! त्या घरात कापूस होता. एक आख्खी खोली कापसाने आढ्यापर्यंत भरलेली. दार उघडलं की तो अंगावर ढासळायचा. अंगाला खाज सुटायची, नाकात तंतू जायचे, आणि तरी दुपारी त्या ढिगात पाय खुपसून पडण्यासारखं सुख नव्हतं. ऊन साठवलेलं असायचं त्यात. वंदीची आई आम्हाला तिथेच ज्वारीची भाकर आणि ठेचा आणून द्यायची आणि वर दटावायची, "पोरींनो, कापसाले तेलाचे हात लावू नोका वो." मी वकिलाची मुलगी, ताटाशिवाय जेवायची सवय नाही. पण त्या पंधरा दिवसांत मी जेवढी जेवले, तेवढी माझ्या लग्नातही जेवले नाही.

सकाळी बायका वेचणीला जायच्या. ऊन चढल्यावर ओसरीवर बसून वेचलेल्या कापसातली कवडी काढायच्या. बोंडाला कीड लागली की आतला कापूस पिवळा, कडक, चिकटलेला निघतो. त्याला कवडी म्हणतात. पांढऱ्या कापसात ती राहिली तर सगळा माल खराब दिसतो. बायकांचे हात असे चालायचे, की नुसतं बघत बसावं. गप्पा सुरू, हसणं सुरू, आणि बोटं आपली पांढरं इकडे, पिवळं तिकडे. एकदा मी हौसेने बसले आणि माझ्या समोरची कवडी उचलून अंगणात भिरकावली. वंदीची आई धावत आली. "फेकू नोको वो माय! कवडी वेगळी ठेवाची, फेकाची नाई. तिची घरच्यासाठी गादी होते." मी मान डोलावली. मला काय त्याचं?

त्याच ओसरीच्या दुसऱ्या टोकाला आमचं काम चालायचं. माझ्या हातात लाल पेन. आम्हाला शिकवलं होतं, की झोत ज्या दिशेने जातो, त्या दिशेचा वायू ढवळला जातो. सरळ आहे. म्हणून झोताच्या वाटेवरचे आकडे मी ठेवत होते. झोतापासून दूर, आडव्या बाजूंना, काही ठिकाणी उगीच मोठमोठे आकडे दिसत होते. तिथे उजेड क्षीण, मोजमाप कच्चं. तो गोंगाट आहे, म्हणजे मोजण्यातली निव्वळ चूक, असं मी ठरवलं आणि ओळीमागून ओळ लाल रेघेने मारत गेले. माझं काम स्वच्छ असायचं. सर नेहमी म्हणायचे, शैलाची वही बघा.

वंदी काय करत होती? मी मारलेली प्रत्येक ओळ ती एका जाडजूड वहीत उतरवून घेत होती. वहीच्या पुठ्ठ्यावर तिने लिहिलं होतं, 'कवडी'.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"काई नाई. तू खोडून राहिली ना, खोड. मी लिहून ठेवून राहिली."

"अगं, गोंगाट आहे तो. कशाला वेळ घालवतेस?"

"असन. पन फेकाचं कशाले?"

बस, एवढंच. यात बुद्धी कुठे आहे, सांगा मला! यात प्रतिभा कुठे आहे? घरी कवडी फेकत नाहीत, म्हणून बाईने आकडे फेकले नाहीत. तेवीस वर्षं मी याच एका गोष्टीवर जळते आहे. ती माझ्याहून हुशार असती तर मी मुकाट्याने हात जोडले असते. पण ती हुशार नव्हती हो, ती फक्त तिच्या आईची मुलगी होती.

सुटीच्या शेवटी तिने ते खोडलेले आकडे आलेखाच्या कागदावर मांडले. गोंगाट असता तर ठिपके इकडेतिकडे विखुरले असते. तसे ते विखुरले नाहीत. झोताला बरोबर आडवा असा एक पट्टा तयार झाला. वायू सगळ्यात जास्त घुसळला जात होता तो झोताच्या वाटेवर नाही, तर त्याच्या दोन्ही कुशींना. वंदीने तो कागद माझ्यापुढे धरला.  म्हणाली, "शैले, पाह्य ना. ओल्या मातीत पाइप खुपसून पानी सोडलं, तं चिखल बाजूनंच उसळते का नाई? झोत दीर्घिकेच्या तबकडीतच आडवा शिरला असन, तं वायूले जागा कुठं हाये? तो बाजूनंच निघन ना!"

मला त्या क्षणी कळलं होतं, ते बरोबर आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला कळलं होतं, आणि म्हणूनच मी हसले. "चिखल काय, पाइप काय! सरांसमोर असं बोलू नकोस, हसतील."

सर हसले नाहीत. म्हणाले, दोन पानी टिपण लिहा आणि पीएच.डी.च्या निवडीसाठी पाठवा, दोघींची नावं घाला. वंदीने टिपण लिहिलं, वर आधी माझं नाव आणि खाली तिचं. मी ते वाचलं. माझ्या लाल रेघांचा उल्लेख होता त्यात, अगदी साधा. 'प्रथम वगळलेली मोजमापं' असा. मला वाटलं, सगळ्या जगाला कळणार की शैलाने वगळली आणि वंदीने उचलली.  मी म्हटलं, "माझं नाव खोड. उद्या हे खोटं ठरलं तर माझं हसं होईल."

"खरंच?"

"खरंच. आणि पुन्हा कुठेही या प्रकरणात माझं नाव घ्यायचं नाही. शपथ घे."

"पाह्य बाप्पा, मंग म्हनशीन." तिने पेन पुढे केलं. मी माझ्या हाताने माझं नाव खोडलं. रेघ मारण्यात मी तरबेज होतेच.

त्या टिपणावर तिला बोलावणं आलं. ती गेली. मला पहिला वर्ग मिळाला आणि पेढे वाटले गेले. पेढे घ्यायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "तुमच्या दोघींचं काम एकच होतं ना? मग तुला नाही बोलावलं?" तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "तिने माझं नाव काढून टाकलं."

एकदा निघालेलं वाक्य परत घेता येत नाही असं म्हणतात. चूक आहे ते. घेता येतं. दुसऱ्या दिवशी घेता आलं असतं, पुढच्या वर्षी घेता आलं असतं. मी नाही घेतलं, कारण त्या वाक्याने मला फार जपलं. सासरी मी ते सांगितलं तेव्हा नवऱ्याचे डोळे भरून आले. कॉलेजात सांगितलं तेव्हा स्टाफरूममधल्या बायकांनी बोटं मोडली. हळूहळू मला सांगायचीही गरज उरली नाही, लोकच एकमेकांना सांगू लागले. "आपल्या शैला मॅडम केवढ्या हुशार! मैत्रिणीने दगा दिला हो." मी नुसतं खाली बघायचे. लोकांना तो माझा मोठेपणा वाटायचा.

मागच्या कापसाच्या हंगामात आमच्या विभागाला नवे प्रमुख आले. नांदेडकडचे, या गावातलं त्यांना काही ठाऊक नाही. त्यांनी परस्पर वंदीला पत्र लिहिलं, की सुटीत घरी याल तेव्हा आमच्या मुलांसमोर बोला. आणि तिने तत्काळ होकार कळवला. पाहुण्यांचा परिचय करून द्यायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी रात्रभर नाही, पण दिवसभर नक्की जळले. कोणती साडी नेसावी याचाच विचार चार दिवस केला. ती मात्र सुती पंजाबी कुडता घालून आली, केसांत पांढऱ्या बटा, पायांत सपाट चपला. आणि सुंदर दिसत होती! देवाने निदान तिथे तरी हात आखडता घ्यायचा होता. मला बघताच गळ्यात पडली. "शैले, तशीच हायेस वो!" मी परिचयात तिची सगळी पदं अचूक सांगितली. शाल दिली, नारळ दिला. टाळ्या मीच आधी वाजवल्या.

तिने भाषण सुरेख केलं. मुलांशी वऱ्हाडीत बोलली. तिने पडद्यावर एक दीर्घिका दाखवली, तिच्यात वायू भरपूर, पण तारे होणं जवळजवळ थांबलेलं. एका मुलाने विचारलं, "म्हणजे झोताने सगळा वायू बाहेर फेकला का?" वंदी म्हणाली, "नाई ना. लोकायले तसंच वाटते. फेकाची गरजच नाई. वायू तिथंच असते, सगळाच्या सगळा. झोत त्याले फक्त घुसळत राहते, तापवत राहते. थंड होऊन एका जागी बसला, तं त्याचा तारा होईन. त्याले बसूच देत नाई." मग म्हणाली, की कधी कधी उलटंही होतं, झोताच्या दाबाने कडेचा वायू आवळला जातो आणि तिथे नवे तारे होतात. कुठे काय होईल, ते अजून नीट सांगता येत नाही.

हे ऐकून मला स्वतःची आठवण झाली नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. झाली. आणि लगेच रागही आला. आकाशातला वायूसुद्धा हिने आता माझ्यावर सोडावा का?

मग तिने पडद्यावर त्या वहीचा फोटो आणला. पिवळा पडलेला पुठ्ठा, 'कवडी' ही अक्षरं. "या कामाची सुरुवात इथून झाली," ती म्हणाली. "आकडे माह्या मैत्रिणीनं वेगळे काढले होते. मी फक्त जपले. तिचं नाव मले सांगता येत नाई, तशी शपथ हाये."

सभागृहात कुजबुज झाली. तिसऱ्या रांगेतली प्राची उभी राहिली. तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, माझी सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी. माझ्यासारखीच, वही स्वच्छ आणि डोकं तापट. ती तावातावाने म्हणाली, "मॅडम, ती मैत्रीण आमच्या शैला मॅडम आहेत. आम्हा सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही त्यांचं नाव काढून टाकलं आणि एकट्या पुढे गेल्या. आज इथे येऊन शपथेचं कारण सांगता?"

माझ्या बाजूने एवढं जोरात आजवर कुणी बोललं नव्हतं. मला भूमी दुभंगावी असं वाटलं.

वंदीने प्राचीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला आधी काही समजलंच नाही. मग समजलं. मी ते समजणं तिच्या चेहऱ्यावर उतरताना पाहिलं. ती सगळं सांगून मोकळी झाली असती तर मी नाकारलं असतं, मला माझी खात्री आहे. तिने सांगितलं नाही. ती व्यासपीठावरून खाली आली, ध्वनिक्षेपक माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तू सांग. मी शपथ मोडत नाई."

मी उभी राहिले. समोर दोनशे मुलं, माझा सगळा विभाग, आणि तीस वर्षांची असल्यापासून मला बिचारी म्हणणाऱ्या बायका. मी म्हटलं, "माझं नाव मीच खोडलं होतं. माझ्या हाताने. यांनी विचारलंही होतं, बजावलंही होतं." मागे कोणीतरी फिसकन हसलं. प्राची खाली बसली आणि वहीत काहीतरी लिहू लागली. तिने नंतर वर पाहिलंच नाही.

चहापानाला कुणी फार थांबलं नाही. वंदीची गाडी आवारात उभी होती. मी तिच्यामागून गेले. माफी मागायची होती. त्याआधी तिनेच विचारलं.

"बावीस वर्षं तू मले चोट्टी म्हनून राहिली होती?"

"हो."

"साऱ्या गावात?"

"हो."

तिने गाडीचं दार उघडलं आणि ते तसंच धरून उभी राहिली. "अकोल्याले बोलावते, नागपूरले बोलावते. अमरावतीनं कधी बोलावलं नाई. जिथं शिकली, तिथंच नाई. दर खेपेस मी वाट पाहो. मले वाटे, आपन अकोटच्या, वावरातल्या. वकील-प्रोफेसरायच्या पोरींत आपल्याले कोन बोलावते? बावीस वर्षं मले असं वाटे, शैले."

ती गेली. तिला बोलवावं का, असं मला कॉलेजात आजवर दोनदा विचारलं गेलं होतं. दोन्ही वेळा मी म्हटलं होतं, ती आता मोठी झाली, ती कशाला येते?

यंदा पुन्हा कापूस निघाला आहे. मी तिला चार पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. प्राची आता आमच्याकडेच एम.एस्सी. करते, वर्गात शेवटच्या बाकावर बसते आणि मला काही विचारत नाही. परवा विभागाच्या पत्रांत पाहिलं, वंदीने तिला आपल्याकडे संशोधनासाठी अर्ज करायला सांगितलं आहे. जिने तिला भर सभेत चोर ठरवलं, त्या पोरीला तिने पत्र लिहिलं, आणि मला नाही. बरोबरच केलं. माझ्यावर रागवायला तिच्यापाशी खरं कारण आहे. तिच्यावर रागवायला माझ्यापाशी ते एकही दिवस नव्हतं, आणि आता मला तिच्या त्या खऱ्या कारणाचाही हेवा वाटतो.